आखाड आणि अपेंडिक्स

आत्या रिक्षातून उतरल्या तेव्हा मी ओट्यापाशी कापण्या कातत होते. आधी पत्र्याचा डबा उतरला, मग एक पिशवी, मग दुसरी पिशवी, आणि सगळ्यात शेवटी आत्या.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. नात्यातले असोत वा नसोत.

आई पदराला हात पुसत बाहेर धावली आणि उंबऱ्यातच थबकली. आखाडात नव्या नवरीनं सासूचं तोंड बघायचं नसतं. म्हणून तर मला जयसिंगपूरहून विट्याला आणून ठेवलं होतं. आणि इथे ते तोंड स्वतः रिक्षा करून दारात आलं होतं.

"बघायचं नसतं ते सासरी," आत्यांनी बाहेर उभ्या उभ्या नियम दुरुस्त केला. "माहेरी चालतं. मी विचारून आले."

कुणाला विचारलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आईनंही विचारलं नाही. विहिणीला असं विचारत नसतात.

"कुठाय ती?"

मी कातणं हातात धरूनच बाहेर आले. सोफ्यावर माझे वडील, अण्णा होते, त्यांच्या शेजारी कुसुममावशी. आत्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"माझ्यावाचून जेवत नाहीस म्हणे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मावशीनं तर आधीच पदर डोळ्याला लावला होता.

"हो," मी म्हणाले.

मी पंचवीस वर्षांची होते, केमिस्ट्रीत बी.एस्सी. होते, आणि लग्न झाल्यापासून सासरच्या कुणाला तरी मी पहिल्यांदाच 'हो' म्हणाले होते. ते सासूला म्हणाले.

याला आता बरीच वर्षं झाली. पण हे असं का झालं ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल, म्हणजे वैशाखात.

लग्नाच्या आदल्या दिवशी कुसुममावशीनं मला माडीवर नेलं आणि दार लावून घेतलं. मावशी गावातल्या महिला मंडळाची अध्यक्ष. तिला कुठल्याही विषयावर मार्गदर्शन करता येतं, तेही उभ्यानं.

"हे बघ वृंदा," ती म्हणाली, "नवरा जवळ आला की नको म्हणायचं."

"का?"

"लगेच हो म्हटलंस तर त्याला वाटेल, हिला सवय आहे."

"मग हो कधी म्हणायचं?"

मावशीनं माझ्याकडे बघितलं. हा प्रश्न तिला मंडळात कुणी विचारला नसावा. "हो म्हणायचं नसतंच. तू नको म्हणायचं, तो ऐकणार नाही, झालं."

"आणि ऐकलं तर?"

"कुठला नवरा ऐकतो?" मावशी म्हणाली आणि मार्गदर्शन संपलं.

आता माझा नवरा. नाव संग्राम, पण आयुष्यात कुणाशी भांडलेला नाही. आयटीआयमध्ये मुलांना वायरमनचं काम शिकवायचा. करंट बंद आहे याची खात्री केल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, हे तो दरवर्षी नव्या बॅचला पहिल्या दिवशी सांगायचा. उरलेलं वर्ष ते स्वतः पाळायचा.

सत्यनारायण झाला, पाहुणे गेले, आणि आम्ही दोघं खोलीत उरलो. त्यानं माझा हात हातात घेतला. त्याच्या हाताला सोल्डरचा आणि साबणाचा वास होता. मला तो वास फार आवडला. इतका आवडला की मी घाबरले, आणि पाठ केलेलं होतं ते म्हणून टाकलं.

"नको."

"बरं," संग्राम म्हणाला. त्यानं हात सोडला, पंखा एक नंबरनं कमी केला, कारण मला थंडी वाजत असेल असं त्याला वाटलं, आणि कूस बदलून झोपला.

मी छताकडे बघत पडले. मावशीनं पुढचा धडा सांगितलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, तो पुन्हा विचारेल. त्यानं विचारलं. खरंच विचारलं, शब्दात. "चालेल का?" आता या प्रश्नाला 'चालेल' म्हणणं म्हणजे किती निर्लज्जपणा. मी मान हलवली. कुठल्या दिशेला हलली ते मलाच कळलं नाही. त्यानं सुरक्षित अर्थ घेतला.

असं करत करत त्यानं विचारणं बंद केलं. माझ्याशी वागायचा इतकं चांगलं की मला रडू यायचं. बाजारातून येताना माझ्यासाठी उसाचा रस पिशवीत बांधून आणायचा. मी स्वयंपाक करताना ओट्यावर बसून दिवसभरातल्या पोरांच्या गमती सांगायचा. मी त्याच्या मनगटाकडे बघत पोळी लाटायचे. पोळीला नकाशाचा आकार यायचा. तो बिचारा आपणहून वाकड्या पोळ्या स्वतःच्या ताटात घ्यायचा.

मग आखाड लागला.

आखाडात नव्या नवरीला माहेरी का पाठवतात, याची घरोघर वेगळी कारणं आहेत. तोंड बघू नये, उंबरा ओलांडू नये, सासऱ्यावर संकट येतं. पण खरं कारण सगळ्यांना ठाऊक असतं. आखाडात दिवस राहिले तर बाळंतपण येतं चैत्रात, भर उन्हाळ्यात. म्हणून नवराबायकोला महिनाभर लांब ठेवायचं. म्हणजे बघा, दोन गावं, दोन घरं, एवढी माणसं मिळून ज्या गोष्टीपासून आम्हाला लांब ठेवत होती, ती गोष्ट आमच्यात घडलीच नव्हती.

मला न्यायला अण्णा आले तेव्हा संग्रामनं माझी बॅग स्टँडपर्यंत आणली. बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणाला, "हवं तितकं राहा. माझ्यामुळे घाई करू नकोस. तिथे तुला मोकळं वाटेल."

तो हे मनापासून म्हणाला, हीच तर पंचाईत होती. त्याला वाटत होतं, मला तो नको आहे. मी महिनाभर लांब राहिले असते तर त्याची खात्रीच झाली असती, आणि खात्री झाली की संग्राम ती तार कायमची टेप लावून बंद करतो. मी त्याला काम करताना बघितलं होतं.

माहेरी मला अन्न जाईना. भूक लागली की सांगायला आम्हाला लहानपणी शिकवलं होतं. ताप आला, डोकं दुखलं, सगळ्याला शब्द होते. याला काय म्हणायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. आईनं ओवा दिला. मग दृष्ट काढली. मग एके दिवशी जेवताना अण्णा आणि मावशी दोघांसमोर तिनं विचारलंच.

"अगं होतंय तरी काय तुला? कुणाची आठवण येते का?"

"हो."

"कुणाची?"

अण्णा भात कालवायचे थांबले. बापासमोर नवऱ्याचं नाव घेणं शक्य नव्हतं. मावशीसमोर तर नाहीच. माझ्या तोंडातून आलं ते असं:

"आत्यांची."

आई हातातली पोळी तव्यावर टाकायची विसरली. मावशी म्हणाली, "ऐकलंस का अक्का? याला म्हणतात संस्कार." आणि त्याच संध्याकाळी तिनं जयसिंगपूरला फोन लावला. आखाडात सासूसाठी झुरणारी सून म्हणजे मंडळाच्या इतिहासात पहिलीच.

आणि म्हणून आत्या आल्या होत्या. नवऱ्याची आठवण काढली की सासू येते, हे मला तेव्हा कळलं.

आत्या नुसत्या आल्या नाहीत, त्या राहिल्या. माझ्याच खोलीत. माझ्याच गादीवर. "आता पोटभर बघ मला," म्हणाल्या आणि माझ्या अंगावर हात टाकून गाढ झोपल्या. ज्याचा हात यायला हवा होता त्याच्या आईचा हात. त्या घोरायच्याही. मी मन लावून जेवायला लागले, म्हणजे मी बरी झाले असं ठरून त्या परत जातील. पण त्याचा अर्थ असा निघाला की मी त्यांच्यामुळे बरी झाले, आणि त्यांनी मुक्काम वाढवला.

संग्रामचा फोन यायचा. फोन होता बाहेरच्या खोलीत, अण्णांच्या खुर्चीच्या हाताला टेकून. अण्णा उठून जायचे नाहीत. पेपर तोंडासमोर धरायचे, एवढाच एकांत.

"आई बरी आहे?"

"बऱ्या आहेत."

"तुला सोबत झाली असेल."

"हो."

"तुम्हा दोघींचं जमलं ते चांगलं झालं." मग थोडं थांबून तो म्हणाला, "मी एक विचार करतोय. मागच्या खोलीत जुनी कॉट आहे ना, ती दुरुस्त करून घेतो. म्हणजे आल्यावर तुला... ऐसपैस."

शेजारी अण्णांच्या पेपरचं पान उलटलं.

"चालेल ना?" संग्रामनं विचारलं.

मला ओरडून 'नको' म्हणायचं होतं. पण खरं नको म्हणायची पहिलीच वेळ आणि शेजारी वडील. मी म्हणाले, "आत्यांना विचारते."

कॉटची दुरुस्ती म्हणजे पाय घट्ट करायचे, पट्टी बदलायची. संग्रामच्या हातचं काम. एका रविवारात झालं असतं.

तशात मावशीनं जाहीर केलं की मंडळातर्फे आमचा सत्कार करायचा. आदर्श सासू-सून. दत्तमंदिराच्या हॉलमध्ये, शाल, नारळ आणि फोटो. सुनेनं दोन शब्द बोलायचे.

"कशावर?"

"आठवणीवर," मावशी म्हणाली.

सत्काराच्या आदल्या दुपारी आई दळण आणायला गेली होती आणि अण्णा दुकानात. आत्या कापण्या तळत होत्या. विहिणीच्या घरी कढईला हात लावायचा नसतो, पण आत्यांनी तोही नियम दुरुस्त केला होता. मी लाटत होते. बाहेर फोन वाजला आणि मी लाटणं टाकून पळाले. राँग नंबर होता. परत आले तर आत्या कढईकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या.

"फोन वाजला की तुझ्या हातातलं काहीतरी सांडतं," त्या म्हणाल्या. "परवा ताक. काल भिजवलेली कणीक. मी शेजारच्या गल्लीत जाऊन आले तर तू मान वर करून बघतसुद्धा नाहीस."

मी कातणं उचललं.

"मामांच्या अपेंडिक्सची गोष्ट ऐकलीस ना तू?"

ती गोष्ट जयसिंगपुरात न ऐकलेलं कुणी नाही. मामा एसटीत कंट्रोलर होते. रिटायर झाले तरी बोलणं घोषणेसारखंच. लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात तासगावला माहेरी असताना आत्यांचं अपेंडिक्स दुखू लागलं, तातडीनं ऑपरेशन झालं, आणि नेमका त्या दिवशी एसटीचा संप. एसटीतला माणूस आणि गाडी नाही. मग मामा सायकल मारत तासगावला पोचले. चिखल, चढ, दोनदा पंक्चर. घरात पाहुणा आला की चहाबरोबर ही गोष्ट यायची.

"तुमच्या अपेंडिक्सची ना?" मी म्हणाले.

"काढलं माझं. गोष्ट त्यांची आहे." आत्यांनी झाऱ्यानं कापण्या परतल्या. "मला काही दुखत नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काही झालंच नव्हतं गं मला. जेवण जात नव्हतं. आई विचारायला लागली, काय होतंय. आता काय सांगू तिला? पोटात दुखतंय म्हटलं. ती म्हणाली, कुठं? मी आपला हात ठेवला." आत्यांनी पिठाचा हात पोटावर ठेवून दाखवला. "तो जरा उजवीकडं पडला."

मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले.

"डावीकडं पडला असता तर?"

"तर ओवा दिला असता."

"अहो पण आत्या, सांगायचं नाही का?"

"कधी सांगणार? टेबलावर घेतलं तोवर बाहेर सगळी भावकी जमली होती. काका मिरजेहून आले होते. सगळे माझ्यासाठी देव पाण्यात ठेवून बसलेले. त्यांना काय सांगू, मला काही नाही, मला नवरा हवाय?"

कढईतलं तेल तडतडलं. त्यांनी गॅस बारीक केला.

"आणि मामा आले."

"आले की. चिखलानं भरलेले. चार दिवस उशाशी बसून होते, हात सोडला नाही. भरलेला वॉर्ड. बाकीच्या बायकांना वाटलं, ही काही जगत नाही." आत्या गालात हसल्या. "सुखाचे दिवस होते."

"मग घरी गेल्यावर सांगितलं त्यांना?"

"लाज वाटली. मग पोरं झाली. मग सवय झाली." त्या कापणी उलटीसुलटी करून बघत होत्या. "त्यांना हवं असायचं तेव्हा हवं असायचं. मला हवं असतं ते कधी, हे मीच विसरून गेले. एखादवेळी वाटायचं काहीतरी. की लगेच हात पोटावर जायचा. मला वाटायचं, भूकच असेल. उठून काहीतरी खायचे."

मी कातणं खाली ठेवलं, आणि सगळं सांगितलं. मावशी, नको, बरं, पंखा एक नंबरनं कमी. आत्या ऐकत होत्या. मध्येच त्यांनी झारा उचलून हातातच धरला.

"किती दिवस चाललंय हे?"

"लग्नापासून."

"म्हणजे अजून..."

"अजून."

आत्यांनी गॅस बंद केला.

"मग आपण आखाड पाळतोय कशाचा?"

मी पोळपाटावरचं पीठ झटकलं.

"संग्राम काही म्हणत नाही?"

"कॉट दुरुस्त करतोय."

आत्यांनी कपाळावर हात मारला. कपाळाला पीठ लागलं. "मीच शिकवलं त्याला. कुणी नको म्हटलं की हात मागं घ्यायचा. पोरगी असो, मांजर असो."

"चांगलं शिकवलंत."

"चांगलंच शिकवलं. हो म्हणायला तुला कुणी शिकवायचं, ते राहिलं." मग त्यांनी झारा कढईत ठेवला. "तुला लाज वाटते?"

"वाटते."

"मलाही वाटली. बघ, एक अवयव गेला."

सत्काराला हॉल भरला होता. पहिल्यांदा शाली झाल्या. आत्यांना अबोली रंगाची, मला मोरपंखी. मग मावशीनं माइक हातात घेऊन आजकालच्या मुलींना सासू नको असते यावर बरंच सांगितलं, आणि मला पुढे ढकललं.

माइक माझ्यापेक्षा उंच होता. मी तो खाली ओढला. तो कुरकुरला. समोर सगळ्या बायका, मांडीवर पर्स, पर्सवर हात. आई तिसऱ्या ओळीत होती. मी भाषण पाठ केलं होतं. सासू ही आईच असते, असं सुरू होत होतं. मी तोंड उघडलं आणि माझा हात पोटावर गेला. जरा उजवीकडे.

मी तो काढून घेतला.

"मला आत्यांची आठवण येत नव्हती," मी म्हणाले.

मागच्या ओळीतल्या बायका बोलायच्या थांबल्या.

"आत्या चांगल्या आहेत. पण मला संग्रामची आठवण येत होती. नवऱ्याची. म्हणून जेवण जात नव्हतं. तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून आत्यांचं नाव घेतलं. आत्यांना हे कालपासून माहीत आहे. शाल परत द्यायची असेल तर देते."

पंख्याचा आवाज येत होता. मावशी हसत होती, म्हणजे मघाचं हसू तिच्या चेहऱ्यावर तसंच राहून गेलं होतं. पहिल्या ओळीत एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, कानाला हात लावून ऐकत. त्यांनी शेजारणीला मोठ्यानं विचारलं, "काय म्हणाली?"

शेजारणीनं त्यांच्या कानात सांगितलं.

"मग यात सत्कार कशाचा?" म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. "आम्हालाही येत होती की."

कुणीतरी फसकन हसलं. मग दुसरं कुणीतरी. मग मात्र पदर तोंडाला लागले आणि खांदे हलायला लागले. तिसऱ्या ओळीत आई खाली मान घालून पर्सची चेन उघडत आणि लावत होती. मावशीनं माझ्या हातातून माइक घेतला.

"चहा तयार आहे," ती म्हणाली.

शाल परत घेतली नाही. माझं नाव भरतकामानं घातलेलं होतं.

घरी आल्यावर मावशी आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. "नाक कापलंस माझं," ती म्हणाली. "एवढं समजावून पाठवलं होतं तुला."

"मावशी, त्यानं ऐकलं."

"काय ऐकलं?"

"मी नको म्हणाले, त्यानं ऐकलं."

मावशी माझ्याकडे बघत राहिली. मग ती स्टूल ओढून बसली. मंडळाची अध्यक्ष मी पहिल्यांदाच बसलेली पाहिली.

"खरंच ऐकलं?"

"प्रत्येक वेळी."

तिनं ओट्यावरचं फडकं घेतलं आणि घडी घालायला लागली. एक घडी, दुसरी, तिसरी, अगदी हातात मावेल एवढी.

"तुझ्या काकांनी एकदाही नाही ऐकलं," ती म्हणाली. मग फडकं ठेवून उठली. "जा तू. आखाडबिखाड राहू दे. मी अक्काला सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आत्या मला घेऊन निघाल्या. सांगलीला गाडी बदलली. डबा त्यांच्या मांडीवर, शाली पिशवीत. अंकलीचा पूल ओलांडताना एवढंच म्हणाल्या, "कॉटचं मी बघते."

गल्लीत शिरलो तर समोरच्या पाटीलवहिनी गॅलरीत. "अगंबाई, सूनबाई? आणि आखाडात?"

"नवऱ्यासाठी आली," आत्या चालता चालता म्हणाल्या, जसं कुणी भाजी आणायला गेले होते म्हणतं. पाटीलवहिनींच्या हातातला टॉवेल खाली आमच्या अंगणात पडला. तो पुढे पुष्कळ दिवस आमच्याकडेच होता.

घरात मामा एकटेच होते. संग्राम मागच्या खोलीत असावा, ठोकल्याचा आवाज येत होता. मला बघून मामा खुर्चीतून उठले. "आखाड संपायच्या आधी? तब्येत बरी आहे ना? जेवण जात नव्हतं म्हणे. अंगावर काढू नये. हिनं असंच अंगावर काढलं आणि शेवटी अपेंडिक्स. त्या दिवशी नेमका संप. सायकल घेतली आणि..."

"मला काही झालं नव्हतं," आत्या म्हणाल्या.

मामांची सायकल वाटेतच थांबली.

"त्या आखाडात. मला काही दुखत नव्हतं. तुमची आठवण येत होती. सांगायची लाज वाटली, म्हणून पोट म्हटलं."

त्यांनी हे डबा हातात घेऊन उभ्यानंच सांगितलं. मागच्या खोलीतली ठोकाठोक थांबली. मामांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, परत घातला.

"ठाऊक आहे," मामा म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"डॉक्टर म्हणाले होते मला तेव्हाच. अपेंडिक्स उत्तम होतं, म्हणाले. इतकं चांगलं फार कमी बघायला मिळतं. बरणीत घालून दाखवलं होतं मला."

आत्या हळूच खाली बसल्या. "आणि इतकी वर्षं तुम्ही ती सायकलची गोष्ट सांगताय?"

"सायकल खरी होती."

"पण मग मला विचारलं का नाहीत?"

मामांनी थोडा विचार केला. "तू बोलली नाहीस. मला वाटलं, तुला वाटत होतं तेवढं त्या आखाडापुरतंच. नंतर तू कधी काही म्हणाली नाहीस. तू नुसती उठून खायला जायचीस."

आत्यांनी मांडीवरच्या डब्याकडे बघितलं. मग आत्या हसायला लागल्या. डबा मांडीवर हलत होता आणि आतल्या कापण्या वाजत होत्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, उठल्या आणि मामांची चप्पल त्यांच्यापुढे सरकवली.

"चला, बाहेर जाऊ."

"आता? कुठे?"

"सांगलीला. गणपतीला जाऊ, मग घाटावर बसू. संध्याकाळपर्यंत यायचं नाही."

"पण हे दोघं..."

"म्हणूनच," आत्या म्हणाल्या.

मामांना उशिरा का होईना कळलं. ते दाराशी गेले, वळले आणि जुन्या आवाजात म्हणाले, "आम्ही सांगलीला जातोय. परतीची गाडी सहानंतर. कृपया नोंद घ्यावी." आणि जाताना सवयीनं दाराला बाहेरून कडी घातली.

मी मागच्या खोलीत गेले. संग्राम जमिनीवर बसला होता. समोर कॉट उताणी पडलेली, तिचे तीन पाय बसवलेले, चौथा त्याच्या हातात. त्यानं सगळं ऐकलं होतं, कान लाल झाले होते. मी जवळ जाऊन त्याच्या हातातला पाय काढून घेतला आणि खिडकीत ठेवला.

"वृंदा," तो म्हणाला, "मी एक विचारू?"

"हो."

"अजून विचारलं नाही मी."

"विचार तू. उत्तर हो आहे. आधीही हो होतं. मला म्हणता येत नव्हतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. खात्री केल्याशिवाय हात लावायचा नाही, हे त्याच्या अंगातच होतं. म्हणून मग मीच लावला.

कॉट तीन पायांचीच राहिली. पुढे आत्यांनी ती उभी करून तिच्यावर पापड वाळत घातले.

आमची मुलगी चैत्रात झाली. विटा, जयसिंगपूर, तासगाव, सगळीकडून माणसं बघायला आली, आणि येणाऱ्या प्रत्येकीनं बोटांवर महिने मोजले. कुणी काही बोललं नाही. कुसुममावशीनं तेवढं बाळाच्या कानाशी तोंड नेऊन बराच वेळ काहीतरी सांगितलं. काय सांगितलंस म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "मागच्या वेळी राहिलं होतं ते."

उकाडा मात्र फार होता.